वीज गेली, वीज आली : मोटरच्या स्टार्टरचा इतिहास

विजेच्या मोटरचा इतिहास तुम्ही शाळेत थोडाफार वाचला असेल. १८२१ मध्ये मायकेल फॅरेडेने पाऱ्याच्या भांड्यात तार फिरवून दाखवली. १८३८ मध्ये याकोबीने बॅटरीवरच्या मोटरने नेवा नदीत होडी चालवली. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात ग्रामचे जनित्र उलट जोडले तर मोटर म्हणून फिरते हे सर्वांसमोर आले, आणि १८८८ मध्ये टेस्लाची प्रत्यावर्ती प्रवाहाची मोटर आली. या यादीत एक वस्तू सहसा येत नाही. वीजवाहिनी आणि मोटर यांच्यामध्ये बसवलेली पेटी, म्हणजे स्टार्टर किंवा कंट्रोलर. मोटरचे शोधक प्रसिद्ध झाले. पेटी मात्र कारखान्यातल्या फोरमननी, ट्रामच्या चालकांनी आणि जळालेल्या यंत्रांनी हळूहळू घडवली.

या पाठात आपण त्या पेटीचा इतिहास एकाच प्रश्नाच्या आधाराने पाहणार आहोत. मोटर चालू असताना वीज गेली आणि थोड्या वेळाने परत आली, तर मोटरने आपोआप फिरायला लागावे की माणसाची वाट पाहावी? प्रश्न साधा वाटतो. पण युरोप-अमेरिकेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला दिलेले उत्तर आपल्याकडच्या शेतांमध्ये शंभर वर्षांनी उलटे फिरवले गेले, आणि त्याची कारणे तंत्रापेक्षा समाजात जास्त सापडतात.

पहिले काही सेकंद

आधी थोडे भौतिकशास्त्र. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही हा भाग वगळू नये, पुढचे सगळे याच्यावर उभे आहे.

मोटर फिरत असताना ती जनित्रासारखीही वागते. तिच्या आर्मेचरमध्ये बाहेरच्या दाबाला विरोध करणारा उलटा दाब तयार होतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. समजा, २२० व्होल्टची एकदिश प्रवाहाची (डीसी) मोटर आहे आणि तिच्या आर्मेचरचा रोध अर्धा ओहम आहे. ती वेगात फिरते तेव्हा २१० व्होल्ट उलटा दाब उभा राहतो, शिल्लक १० व्होल्टमुळे २० अँपिअर प्रवाह वाहतो. आता तीच मोटर थांबलेली आहे असे धरा. उलटा दाब शून्य. २२० भागिले अर्धा, म्हणजे ४४० अँपिअर. चालू स्थितीच्या बावीस पट! तारा तापतात, कम्युटेटरवर ठिणग्या उडतात, फ्यूज जातो, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातली असेल तर मोटर जाते.

उपाय लवकरच सापडला. सुरुवातीला आर्मेचरच्या वाटेत वेगळा रोध घालायचा आणि मोटर वेग घेऊ लागली की तो टप्प्याटप्प्याने काढून टाकायचा. पाटीवर पितळेच्या बटणांची एक कमान, तिच्यावरून सरकणारा दांडा, मागे रोधाच्या तारांची वेटोळी. हा स्टार्टर. माणूस दांडा हळूहळू शेवटच्या बटणापर्यंत नेई आणि तिथेच सोडून देई.

खरी अडचण तिथेच होती. दांडा शेवटच्या बटणावर असताना वीज गेली तर? मोटर थांबते, पण दांडा आहे तिथेच राहतो. वीज परत येते तेव्हा वाटेत एकही रोध नसतो आणि पूर्ण दाब थांबलेल्या मोटरवर आदळतो. शिवाय मधल्या वेळात कोणी पट्टा बसवायला किंवा अडकलेला तुकडा काढायला यंत्रात हात घातला असेल, तर त्याचा हात जातो.

यावर निघालेला तोडगा मला या संपूर्ण इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. दांड्याला स्प्रिंग लावली, ती त्याला सतत ‘बंद’कडे ओढते. शेवटच्या बटणापाशी एक छोटा विद्युतचुंबक बसवला, तो दांड्याला धरून ठेवतो. वीज गेली की चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग दांड्याला मूळ जागी नेऊन ठेवते. वीज परत आली तरी मोटर सुरू होत नाही. कोणीतरी यावे लागते, पाहावे लागते, दांडा पुन्हा पहिल्यापासून फिरवावा लागतो. याला नो-व्होल्ट रिलीज हे नाव पडले. यंत्र बिघडले किंवा पुरवठा तुटला तर ते आपोआप सुरक्षित बाजूला पडावे, हे तत्त्व रेल्वेच्या सिग्नलमध्ये होतेच, ते इथे मोटरपर्यंत आले.

या चुंबकाची तार कुठून घ्यायची यावरही मतभेद झाले. तीन-टोकी स्टार्टरमध्ये चुंबक मोटरच्या क्षेत्र-वेटोळ्याच्या ओळीत असे. फायदा असा की क्षेत्राची तार तुटली तरी दांडा सुटे. हे फार महत्त्वाचे होते, कारण क्षेत्र गेलेली शंट मोटर बेफाम वेग घेते. तोटा असा की वेग वाढवण्यासाठी क्षेत्राचा प्रवाह मुद्दाम कमी केला तरी चुंबक ढिला पडे आणि चालते यंत्र उगाच बंद होई. म्हणून चार-टोकी स्टार्टर आला. त्यात चुंबक थेट वाहिनीवर जोडला. उगाच बंद पडणे थांबले, पण क्षेत्र तुटल्याचा इशारा मिळेनासा झाला. एक धोका टाळताना दुसरा स्वीकारावा लागला. असा सौदा पुढेही अनेकदा दिसेल.

ट्रामच्या चालकासमोरची पेटी

कारखान्यातला स्टार्टर दिवसातून दोन-चार वेळा वापरला जाई. ट्रामचा मात्र दर थांब्याला. फ्रँक स्प्रेग याने १८८८ मध्ये अमेरिकेतील रिचमंड शहरात मोठ्या प्रमाणावर विजेची ट्राम चालवून दाखवली, आणि पुढच्या काही वर्षांत ती जगभर पसरली. भारतात मद्रासला १८९५ मध्ये, कलकत्त्याला १९०२ मध्ये आणि मुंबईला ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली.

चालक पुढच्या फलाटावर उभा असे. त्याच्या पोटासमोर पितळी हँडल असलेली उभी पेटी, आणि तिच्यात सुमारे साडेपाचशे व्होल्टचा, दोन मोटरींना पुरेल इतका सगळा प्रवाह. हँडल एकेक खाच पुढे नेले की आतला लाकडी-धातूचा ढोल फिरे. आधी दोन्ही मोटरी एकापाठोपाठ जोडलेल्या आणि सोबत रोध, मग रोध कमी, मग दोन्ही मोटरी समांतर. खाच सोडताना आत ठिणगी पडणारच. इथे डीसी आणि एसी यांतला फरक ध्यानात ठेवा. ५० हर्ट्झच्या एसी प्रवाहाचे मूल्य सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. संपर्क दूर झाले तरी मधल्या हवेतून ज्योत चालूच राहते आणि तांबे वितळवते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या के-जातीच्या कंट्रोलरमध्ये यावर चुंबकाचा उपाय होता. ठिणगीच्या जागी चुंबकीय क्षेत्र तयार करून ती बाजूला ताणायची, लांबवायची आणि तोडायची. या युक्तीमागे एलिहू थॉमसन याचे काम होते. चालकाच्या डोक्यावर, छताखाली, स्वतंत्र सर्किट ब्रेकर असे.

आणखी एक बारीक गोष्ट. ट्राम पुढे की मागे हे ठरवणारी लहान किल्ली वेगळी होती. मुख्य हँडल बंद असल्याशिवाय ती हलत नसे, आणि ती मध्यभागी, म्हणजे ‘ना पुढे ना मागे’ अशा जागी असेल तरच काढता येई. चालक किल्ली खिशात घालून खाली उतरला, तर त्याच्यामागे ट्राम कोणी हलवू शकत नसे. आजच्या कारखान्यात दुरुस्तीपूर्वी स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवायची जी पद्धत आहे, तिचे हे जुने भावंड.

१८९७ मध्ये स्प्रेगनेच पुढचे पाऊल टाकले. मोठा प्रवाह चालकाच्या हातातून काढून डब्याखालच्या कॉन्टॅक्टरमध्ये नेला. चालकाच्या हँडलमधून फक्त हुकूम देणारा क्षीण प्रवाह जाई, त्यावर अनेक डब्यांच्या मोटरी एकदम चालत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी १,५०० व्होल्ट डीसीवरची भारतातली पहिली विजेची गाडी धावली, ती या विचाराच्या परंपरेतली. हुकुमाची तार आणि ताकदीची तार वेगळी करणे, ही नियंत्रणाच्या इतिहासातली मोठी फाळणी आहे. आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्येही तीच आहे.

हिरवे बटण, लाल बटण

एसी मोटरीने डीसी स्टार्टरचा दांडा हद्दपार केला. डोलिवो-डोब्रोवोल्स्की याची पिंजरा-मोटर इतकी साधी होती की तिला ना कम्युटेटर, ना ब्रश. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत तीन-फेज वीज नेऊन दाखवली गेली. भारतात १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना.

पिंजरा-मोटरही सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते, पण लहान मोटर ते काही सेकंद सोसते. मोठ्या मोटरीसाठी स्टार-डेल्टा स्टार्टर आला. त्यात सुरुवातीचा प्रवाह एक-तृतीयांश होतो, पण जोरही एक-तृतीयांशच उरतो. लहान मोटरीला थेट पूर्ण दाब देणारा डीओएल स्टार्टर पुरतो. त्याची जोडणी नीट समजून घ्या.

तिन्ही फेज आधी मुख्य स्विच आणि फ्यूजमधून कॉन्टॅक्टरकडे येतात, तिथून ओव्हरलोड रिलेतून मोटरला जातात. ही ताकदीची वाट. हुकुमाची वाट पातळ तारेची असते. एका फेजवरून लाल बटण, मग ओव्हरलोडचा संपर्क, मग हिरवे बटण, मग कॉन्टॅक्टरचे वेटोळे आणि दुसऱ्या फेजवर परत. या वेटोळ्यालाच गावोगावचे वायरमन नो-व्होल्ट कॉइल म्हणतात. हिरवे बटण दाबले की कॉइल कॉन्टॅक्टर ओढून घेते. त्याच क्षणी कॉन्टॅक्टरचा एक लहान संपर्क हिरव्या बटणाला समांतर मिटतो, म्हणून बोट काढले तरी मोटर चालू राहते. वीज गेली की कॉइल सुटते, लहान संपर्क उघडतो, आणि वीज परत आली तरी वाट तुटलेलीच असते. पितळी दांड्याची स्प्रिंग गेली, तिचे काम तसेच राहिले. लाल बटण एरवी जोडलेले आणि दाबल्यावर तुटणारे का असते, हेही यातून कळेल. त्याची तार उंदराने कुरतडली तरी मोटर बंदच पडते. उलट जोडणी असती, तर तार तुटल्याचे नेमके संकटाच्या वेळी कळले असते.

कायद्यानेही या पेटीची दखल घेतली. भारतीय वीज नियम, १९५६ यांतील ६१ व्या नियमानुसार मोटरीच्या सांगाड्याला आणि नियंत्रणाच्या उपकरणाला दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावे लागे. म्हणजे नुसती मोटरच नाही, स्टार्टरची पत्र्याची पेटीसुद्धा. एक तार गंजली तरी दुसरी उरावी, हा त्यातला हिशेब. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २४ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने भर पडली. जे साधन चुकून ‘बंद’चे ‘चालू’ होऊ शकते, त्याला सुरक्षित जागी कुलूपबंद करण्याची सोय असावी. मात्र हा कायदा किमान दहा कामगारांच्या जागेला लागू होत असे. विहिरीवर एकटा शेतकरी असतो.

बटणात खोचलेली काडी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. स्टार्टरची रचना करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की वीज जाणे हा अपवाद आहे आणि परत येईल तेव्हा कोणीतरी जवळ असेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर कृषिपंप जोडले गेले, वीज अपुरी पडू लागली, आणि शेतीला तीन-फेज वीज ठरावीक तासच, बऱ्याचदा रात्री, मिळू लागली. वीज दोन वाजता येणार असे सांगितले, पण ती तीनला आली, पंधरा मिनिटांत गेली, परत आली. शेत घरापासून लांब. अंधारात, चिखलातून, विंचू-सापांच्या वाटेने प्रत्येक वेळी कोणी जायचे? नो-व्होल्ट कॉइलने मागितलेला ‘जवळ असणारा माणूस’ इथे झोपेतून उठून जीव धोक्यात घालणारा माणूस होता.

म्हणून कॉइलला फसवण्याचे मार्ग निघाले. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हिरवे बटण दाबून त्यात काडी खोचणे. मग बटणाची वाट कायम जोडलेली राहते आणि वीज येताच मोटर सुरू होते. लाल बटण दाबले तर थांबते, सोडले की पुन्हा फिरते. यापुढची पायरी म्हणजे बाजारात मिळणारा ऑटो-स्टार्टर किंवा ऑटो-स्विच. हे शेतकऱ्याचे अज्ञान आहे असे समजू नका. त्याने दोन धोके तोलले आणि जो रोज समोर येतो तो टाळला.

पण सगळ्यांनी एकाच वेळी असे केले की काय होते, ते आकड्यांत पाहा. समजा, एका १०० केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीचे सोळा पंप आहेत. प्रत्येक पंप चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेतो, म्हणजे एकूण १२०. डीपीची क्षमता सुमारे १३५ ते १४० अँपिअर. म्हणजे सगळे ठीक. आता वीज येताच सोळाही पंप एका क्षणी सुरू झाले आणि प्रत्येकाने सहापट प्रवाह मागितला, तर ७२० अँपिअर. दाब कोसळतो. पिंजरा-मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे दाब ७० टक्के झाला की जोर निम्म्यावर येतो. पंप वेग घेऊ शकत नाहीत, वेग न घेतल्याने प्रवाह उतरत नाही, आणि सगळे मिळून घुमत राहतात. फ्यूज उडतो, मोटरी जळतात किंवा डीपी जळतो. तो बदलून येईपर्यंत उभे पीक वाळते. तेलंगणाने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज सुरू केली, तेव्हा सरकारला शेतकऱ्यांना ऑटो-स्टार्टर काढून टाकण्याचे आवाहन करावे लागले ते याचसाठी. वीज अखंड असेल तर काडीची गरजच नाही, हा त्यामागचा तर्क होता. पण वर्षानुवर्षांचा अविश्वास एका घोषणेने जात नाही.

दुसरी फसवणूक फेजची. गावठाणाला दिव्यांसाठी एक किंवा दोन फेज चालू ठेवायच्या आणि तिसरी बंद केली की पंप बंद, असा वीज मंडळांचा डाव होता. शेतकऱ्यांनी कपॅसिटर लावून उरलेल्या फेजांवर पंप चालवले. गुजरातमध्ये या जोडणीला ‘टोटा’ म्हणत. तिच्यामुळे गावाचा दाब खाली गेला, दिवे मिणमिणले, आणि अखेर २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीच्या आणि गावाच्या वाहिन्याच वेगळ्या कराव्या लागल्या.

इथे स्टार्टरची जुनी त्रुटीही उघडी पडली. कॉइल दोन फेजांमध्ये जोडलेली असते, हे वर पाहिले. तिसरी फेज गेली तर कॉइलला पत्ताच लागत नाही. कॉन्टॅक्टर धरून राहतो, मोटर दोन फेजांवर जादा प्रवाह खेचत तापते. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो वाचवतो. पण तो वारंवार पडतो म्हणून कोणी त्याचा आकडा वाढवून ठेवला असेल, तर वायंडिंग जळाल्याचा वास येतो तेव्हाच कळते. सिंगल-फेजिंग प्रिव्हेंटर हे उपकरण यातून आले. तीन-टोकी आणि चार-टोकी स्टार्टरचा जुना वाद आठवा. चुंबक कुठे जोडला यावर त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे ठरते.

डीसी परत आली

१९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर बनवला, आणि पुढच्या चार दशकांत कंट्रोलर अर्धवाहकांचा झाला. डीसी साठवायची, तिचे हव्या त्या वारंवारतेचे एसी करायचे आणि मोटरीला द्यायचे. मोटर शून्यापासून हळू वेग घेते, सहापट प्रवाहाचा प्रश्नच मिटतो. पण पहिल्या सेकंदाचा धोका नाहीसा झाला नाही, तो मोटरीतून कंट्रोलरच्या पोटात गेला.

ई-रिक्षाचे उदाहरण घ्या. २०१५ च्या दुरुस्तीने तिला मोटार वाहन कायद्यात ४,००० वॉटपर्यंतची जागा मिळाली. ४८ व्होल्टच्या बॅटरीवर हे सुमारे ८३ अँपिअर होतात. कंट्रोलरमध्ये मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी थेट जोडली, तर क्षणभर ते शॉर्टसारखे वागतात. तारांचा एकूण रोध ०.०२ ओहम असेल तर ४८ भागिले ०.०२, म्हणजे २,४०० अँपिअरचा झटका. टोक काळे पडते, कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटतात. चिकटलेला कॉन्टॅक्टर बंद करता येत नाही, हा सर्वांत वाईट भाग. उपाय काय? आधी एका रोधातून कपॅसिटर भरू द्यायचे, मग मुख्य कॉन्टॅक्टर मिटवायचा. याला प्रीचार्ज म्हणतात. पितळी बटणांच्या कमानीमागे असलेला रोधच हा, काम तेच. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ हवा, कंट्रोलरजवळ नाही. तार वाटेत कुठे घासली तर बॅटरी आणि घासलेली जागा यांच्यामध्ये काहीतरी तुटणारे असावे लागते. आणि फ्यूज, स्विच दोन्ही डीसीसाठी बनवलेले हवेत. घरातला एसी स्विच इथे लावणे म्हणजे ट्रामच्या ढोलातली ज्योत पुन्हा पेटवणे.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने पीएम-कुसुम योजना आणली आणि अनेक राज्यांत सौरपंप बसू लागले. ओळीत जोडलेल्या सौरपट्ट्यांचा दाब काही शे व्होल्ट डीसी असतो, आणि ऊन असेपर्यंत तो कोणाला बंद करता येत नाही. पट्ट्या आणि कंट्रोलर यांच्यामधला डीसी आयसोलेटर खाली केला तरी आयसोलेटरच्या वरची बाजू जिवंतच राहते, आणि कंट्रोलरमधले कपॅसिटर भरलेले राहतात. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी उत्पादकाने सांगितलेली मिनिटे थांबायचे, मग मीटरने दाब मोजायचा आणि मगच हात घालायचा. अर्थिंग मोटरीला, पेटीला आणि पट्ट्यांच्या सांगाड्यालाही हवे.

सौरपंपाला रात्रीचा फेरा नाही, अंधारात कोणाला शेतात जावे लागत नाही. पण त्याचा कंट्रोलर बहुधा असा ठरवलेला असतो की स्विच चालू ठेवला असेल तर सकाळी पुरेसे ऊन पडताच पंप आपोआप सुरू होतो. ढग आला की थांबतो, ढग सरला की पुन्हा फिरतो. विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह साफ करणाऱ्या माणसाने वर आयसोलेटर खाली करून त्याला कुलूप लावले आहे का, हे त्या पंपाला कळत नाही.